सफाई मोटर्सचे बिराजदार

बिराजदारांची आणि माझी पहिली भेट कंपनीच्या कँटीनच्या रांगेत झाली. माझ्या मागे उभ्या असलेल्या या गृहस्थांनी, ओळख ना पाळख, माझ्या टकलावरून सावकाश हात फिरवला. डोळे मिटले. पुन्हा एकदा फिरवला. आणि म्हणाले, "साहेब, उजव्या अंगाला पोचा आहे बगा. बारका आहे, पण आहे."

रांगेतली माणसं हसली. मी क्वालिटी खात्यातला अधिकारी. भडकलो, त्यांचा टोकन नंबर विचारला, लेखी तक्रार करतो म्हणालो. घरी गेल्यावर मात्र दार लावून घेतलं आणि गुपचूप स्वतःच हात फिरवून पाहिला. पोचा होता. लहानपणी कोकणात फणसावरून पडलो होतो, त्याची ती खूण. पंचेचाळीस वर्षं ते डोकं माझ्या ताब्यात होतं आणि मला पत्ता नव्हता. म्हणे क्वालिटीवाला!

तो त्यांचा धंदाच होता. उदगीरकडून विशीत पिंपरीला आलेले तुकाराम बिराजदार आमच्या कंपनीत एकोणतीस वर्षं एकच काम करत होते. हातात पांढरा सुती मोजा घालायचा, समोरून सरकत जाणाऱ्या गाडीच्या पत्र्यावरून हात फिरवायचा आणि डोळ्यांना न दिसणारा खळगा किंवा उंचवटा बोटांनी पकडायचा. ती सवय अंगात इतकी मुरलेली की पिंपरी कॅम्पात कपाट बघायला गेले तर आधी कपाटाची पाठ चाचपायचे. मंडईत भोपळा आडवा धरून डोळे मिटायचे. भाजीवाली ओरडायची, "ओ काका, घ्यायचा तर घ्या, लाड काय करताय!" त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर, "हाताला पटलं पाहिजे." भोपळा असो, सोयरीक असो, नाहीतर सरकार असो, हाताला पटलं पाहिजे.

निवृत्त झाल्यावर त्यांनी रझाकभाईंना बरोबर घेऊन तळवड्यात एक शेड घेतली. रझाकभाई फायबरचे कारागीर. दोघांनी किट कारचं काम सुरू केलं. म्हणजे जुन्या छोट्या गाडीचं वरचं अंग काढून टाकायचं, सांगाडा आणि इंजिन ठेवायचं आणि वर एखाद्या महागड्या परदेशी गाडीसारखं दिसणारं फायबरचं अंग चढवायचं. लोणावळ्याच्या रिसॉर्टवाल्यांना आणि वरातीवाल्यांना ती लागायची.

मी पुढे वर्षभराने निवृत्त झालो आणि माझी बायको तीन आठवड्यांत कंटाळली. मी स्वयंपाकघरातल्या डब्यांना क्रमांक दिले होते आणि फोडणीची कार्यपद्धती लिहून ओट्यावर चिकटवली होती. तिनेच बिराजदारांना फोन केला, "भाऊ, यांना न्या हो कुठेतरी."

बिराजदारांनी मला चीफ इंजिनिअर केलं. सबंध नोकरीत मी एक नट आवळला नव्हता. नट आवळले आहेत असं लिहिलेल्या कागदांवर सह्या मात्र पोत्याने केल्या होत्या. माझं पहिलं काम कंपनीचं नाव शोधण्याचं. कारागीर म्हणतात ना, 'याच्या हातात सफाई आहे', त्यावरून मी 'सफाई मोटर्स' सुचवलं. बोर्ड लागल्यावर सहा महिने आम्हाला फक्त कचरागाडीच्या चौकशीचे फोन येत होते.

एक दिवस एका रिसॉर्टची गाडी रवाना करून बिराजदार ड्रमवर बसले आणि म्हणाले, "सावंतसाहेब, दुसऱ्याच्या बापाचं नाक आपल्या लेकराला किती दिवस लावायचं?"

"म्हणजे?"

"आपली गाडी करायची. आपल्या मनची. सुपरकार."

रझाकभाईंचा घासणारा हात थांबला. "सुपर म्हणजे कितनी सुपर?"

"हाताला पटंल इतकी."

आता चीफ इंजिनिअरने काहीतरी करायला हवं होतं. माझा भाचा आयटीत आहे, मारुंजीला भाड्याने राहतो. त्याच्याकडे चार शनिवार-रविवार बसून मी कॉम्प्युटरवर गाडी काढायला शिकलो. छापील चित्र शेडमध्ये आणलं. बिराजदारांनी ते सरळ धरलं, उलटं धरलं, आणि विचारलं, "ही चप्पल काढायलाव का?"

रझाकभाई समजूतदार माणूस. ते म्हणाले, "अंगूठा अच्छा आया है, साब."

त्यानंतर चित्राची भानगड कोणी केली नाही. बिराजदारांनी थर्माकोल आणि प्लास्टरचा ढीग रचला आणि सरळ हाताने गाडी कोरायला घेतली. सगळं जमत आलं, मागच्या चाकावरचा फुगवटा काही जमेना. तशात पुनावळ्याला आमच्या गल्लीत लग्न निघालं. दत्ताशेठ म्हणून तिथले जुने जमीनवाले, त्यांच्या मुलाचं. बिराजदार माझ्याबरोबर आले, वरातीतली घोडी त्यांनी पाहिली, आणि बँड चालू असताना मागून जाऊन तिच्या पुठ्ठ्यावर तळवा ठेवून डोळे मिटून उभे राहिले. मी शेजारी मापाची टेप घेऊन. घोडीने लाथ मारली. ती अर्थातच मला बसली.

दत्ताशेठ धावत आले. "आवो, घोडीला काय बगताय?"

"सुपरकार बनवायलोय," बिराजदार म्हणाले.

दत्ताशेठनी माझ्याकडे पाहिलं. मी मांडी धरून मान डोलावली. ते म्हणाले, "झाली का आमाला दाखवा."

साच्यावरून फायबरचं अंग निघालं, आत भंगारातलं एक दांडगं इंजिन बसलं आणि गाडी झाली. खरंच देखणी झाली. जमिनीला चिकटून बसलेली, कुठूनही हात फिरवा, कुठे अडत नव्हती. रंग गर्द जांभळा. बाहेर काढायच्या दिवशी कळलं की ती शटरमधून जात नाही. शटरचं माप मी घेतलं होतं. बरोबर घेतलं होतं, फक्त दोन्ही बाजूंच्या लोखंडी पट्ट्या धरून घेतलं होतं. आरसे काढले, तरी दोन बोटं कमी. मला वाटलं आता बिराजदार बोलणार. त्यांनी भिंतीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "हिला बी पोचा आहेच. पाडलेली बरी." शेडमालकाची समजूत घालायचं काम माझ्याकडे आलं, भिंत पाडायचं रझाकभाईंकडे.

चाचणीसाठी चाकणला एका ट्रान्सपोर्टवाल्याचं सिमेंटचं मोठं आवार सुट्टीच्या दिवसापुरतं मिळालं. गाडी उघड्या टेम्पोवर चढवली. ब्रेक दाबून धरायला आत कोणीतरी बसायला हवं, म्हणून मी बसलो. चाकणच्या चौकात ट्रेलर अडकले होते. दीड तास मी सुपरकारच्या स्टिअरिंगमागे, जमिनीपासून पाच फूट वर, रणरणत्या उन्हात बसून होतो. शेजारच्या बसच्या खिडकीतून एका बाईंनी विचारलं, "काका, गणपतीचा देखावा का?"

"हो," मी म्हणालो.

आवारात रझाकभाईंनी गाडी चालवली. मी शेजारी स्टॉपवॉच घेऊन बसलो. पहिल्या फेरीला ती नुसती गुरगुरली. दुसऱ्या फेरीला रझाकभाई "या अल्ला" म्हणाले आणि गाडी पळाली. अशी पळाली की माझी पाठ सीटला चिकटली, कडेचे ट्रेलर एकमेकांत मिसळले आणि मी कोणीतरी दुसराच माणूस आहे असं मला काही क्षण वाटलं. थांबल्यावर रझाकभाईंनी विचारलं, "कितना हुआ?" मी घड्याळ सुरूच केलं नव्हतं. आमच्या कंपनीच्या एकुलत्या एका स्वतःच्या गाडीचा वेग किती, हे त्यामुळे आजही कोणाला ठाऊक नाही. उतरताना मी सीटमध्ये अडकलो. दोन वॉचमननी काखेत हात घालून मला उपसून काढलं.

बिराजदारांनी चाचणी पाहिली नव्हती. ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले होते. गाडी थांबल्यावर आले, तापलेल्या बॉनेटवर तळवा ठेवला आणि चटका बसेपर्यंत काढला नाही.

मग मी नोंदणीच्या कार्यालयात गेलो. तिथल्या अधिकाऱ्याने मला खुर्ची दिली, पाणी दिलं, फोटो कौतुकाने पाहिले आणि सांगितलं की नव्या बनावटीची गाडी रस्त्यावर आणायची तर तिच्या कितीतरी चाचण्या लागतात, त्यात गाडी भिंतीवर आपटूनही पाहतात. "तुमच्याकडे अशा किती आहेत?"

"एक."

त्यांनी फोटो परत दिले. हे सगळं नियमात लिहिलेलं होतं, कोणालाही वाचता आलं असतं. आमच्या तिघांत कागद वाचायची जबाबदारी एकाच माणसाची होती. तो चपला काढत बसला होता.

शेडपर्यंत येताना मी तीन वेळा चहाला थांबलो. बिराजदारांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे रस्त्यावर न्हाई?"

"नाही."

ते ड्रमवर बसले. बराच वेळ मोजा काढला, घातला, काढला. मग म्हणाले, "बरं." शिवी दिली असती तर मला घरी जाऊन जेवण गेलं असतं.

गाडी घेतली दत्ताशेठनी. "रस्ता कशाला लागतोय? आमच्या आवारात उभी ऱ्हाईल. गावात हाय का कुनाकडं?" टेम्पोवर चढून ती पुनावळ्याला गेली. दत्ताशेठच्या मुलाने आवारात दोन फेऱ्या मारल्या, कंबर धरली आणि तो आपल्या उंच गाडीकडे परत गेला. आम्हीही पुन्हा दुसऱ्यांच्या बापांच्या नाकांकडे वळलो.

फक्त दर सोमवारी बिराजदार सांगायचे, "काल सर्व्हिसिंगला गेलतो." दर रविवारी सर्व्हिसिंग. मला कळेना, जी गाडी चालतच नाही तिचं बिघडतं काय? माझ्यातला क्वालिटीवाला जागा झाला. मी सर्व्हिसिंग अहवालाचा एक फॉर्म तयार केला, चौदा रकान्यांचा, आणि एका रविवारी दुपारी तो घेऊन दत्ताशेठच्या बंगल्यावर गेलो. घरापासून पाच मिनिटांवर, पण इतक्या महिन्यांत मी एकदाही फिरकलो नव्हतो.

मागच्या अंगणात गाडी उभी होती. बॉनेटपासून शेपटापर्यंत तिच्यावर जुनं पातळ पसरलेलं होतं आणि पातळावर उडदाचे पापड वाळत होते. दोन-अडीचशे तरी असतील. आणि बिराजदार, रझाकभाईंनी गाडीवरची धूळ कोरड्या फडक्याने झटकली म्हणून ज्यांनी त्यांच्याशी आठवडाभर अबोला धरला होता, ते अनवाणी उभे राहून एकेक पापड उलटत होते.

"बिराजदार! गाडीवर पापड?"

"वाळू द्या की," ते म्हणाले. "मागल्या अंगाला ऊन तीनपर्यंत ऱ्हातंय. उतार लई बरोबर आलाय."

पडवीतून आवाज आला, "कोन हाय रं?" दत्ताशेठच्या आई. ऐंशीच्या घरातल्या, हातात लाटणं.

"आमचे साहेब आहेत, आई."

"मंग हुबं का? बसा. जेवल्याबिगर न्हाई जायाचं."

मी फॉर्म सावरत विचारलं, "आजी, गाडीला काही झालंय का?"

"गाडीला काय व्हतंय? ती काय खाती का पिती! गाडीचं निस्तं निमित्त हाय. घरात मान्सं ढीगभर, पर ऐतवारी समदी मॉलात जात्यात. मंग ह्यो येतो, आन आमी दोगं जेवतो."

बिराजदारांनी ऐकलंच नाही असं दाखवून आणखी दोन पापड उलटले.

पानं मांडली. भाकरी, पिठलं, कांदा. मी घास घेतला आणि मला वेगळंच आठवायला लागलं. बिराजदारांची बायको, विमलवहिनी, सहा वर्षांपूर्वी वारल्या. मूलबाळ नाही. मी भेटायला गेलो होतो, चहा घेऊन परत आलो होतो. त्यानंतर रोज दुपारी शेडमध्ये मी माझा चार पुडांचा डबा उघडायचो आणि ते समोरच्या टपरीवरून चहा-पाव आणायचे. एकदा विचारलं होतं मी. "मला पावच आवडतो," ते म्हणाले, आणि मी ते खरं मानलं. साध्या वॉशरलासुद्धा पुरावा मागणारा मी.

आजींनी त्यांच्या पानात दुसरी भाकरी टाकली. "म्होरल्या ऐतवारी काय करू रं?"

बिराजदारांनी घास पानात ठेवला. ज्याच्या त्याच्या वस्तूला न विचारता हात लावणाऱ्या या माणसाने नव्या भाकरीची कड चाचपली. मग, आपलं नसलेलं काही मागावं तसं म्हणाला, "शेपू मिळंल का, आई?"

"मिळंल की. पर लोकं नाकं मुरडत्यात."

"आमच्यात मूग घालून व्हायची."

"मंग मूग घालू."

बिराजदार मान खाली घालून जेवू लागले. आजी माझ्याकडे वळल्या. "आन तुमी? तुमाला चालतो का शेपू?"

मला शेपूचा वाससुद्धा सहन होत नाही. बायकोने घरात आणला तर मी फिरायला निघून जातो.

"चालतो," मी म्हणालो.