हॉलमधून नाहीसे झालेले बत्तीस जोड बूट

जयसिंगराव शितोळे हे मध्य भारतातले सर्वांत तीक्ष्ण नजरेचे गुप्तहेर होते. तसं त्यांच्या व्हिजिटिंग कार्डावर छापलेलंच होतं, आणि मजकूर त्यांनी स्वतः लिहून दिलेला असल्यामुळे त्यात चूक असणं शक्य नव्हतं. विमा कंपनीतून रिटायर झाल्यापासून त्यांनी अकरा प्रकरणं हाती घेतली होती. नऊ आपोआप सुटली. उरलेल्या दोन प्रकरणांतल्या घरांनी त्यांच्याशी बोलणं सोडलं.

त्या रविवारी पुतणी निधीने त्यांना फक्त फुगे फुगवायला बोलावलं होतं. मराठी समाजाच्या हॉलमध्ये मजुरांच्या वस्तीतल्या बत्तीस मुलांसाठी पार्टी होती. वर्तमानपत्रावर मुलांचे पाय ठेवून, पेन्सिलीने मापं घेऊन नवे बूट आणले होते, आणि प्रत्येक खोक्यात नावाची चिठ्ठी होती. त्यातल्या आठ वर्षांच्या पलकची दुसऱ्याच दिवशी शाळेत शर्यत होती. बुटांशिवाय तिला पळू देणार नव्हते, आणि निधीने तिला शब्द दिला होता.

साडेचारला निधी धावत आली. "काकाजी, बूट गायब! डब्बेपण नाहीत! पाच वाजता बच्चे येणार, पलकला काय सांगू मी?"

जयसिंगरावांनी हातातल्या फुग्यातली हवा सोडली. "कोणीही हलायचं नाही!"

हलण्यासारखा एकटा, सजावटीला मदत करायला आलेला देवांश होता. तो शिडीवर चढून झिरमिळ्या लावत होता आणि हलला असता तर पडलाच असता.

"याचे पाय बघ. अनवाणी! मुद्देमाल लपवून आलाय."

"काकाजी, आपण सगळेच अनवाणी आहोत. इथे गणपती आहे ना, चपला बाहेरच काढतात."

जयसिंगरावांनी स्वतःच्या पायांकडे पाहिलं आणि तो सिद्धान्त मागे घेतला. मग फरशीवर एक पांढरा केस सापडला. त्यावरून हॉलमध्ये मांजर शिरल्याचं त्यांनी ताडलं. केस त्यांचाच निघाला. जे थोडे उरले होते, त्यातलाही एक गेला याचं त्यांना वाईट वाटलं.

शेवटी हॉल सांभाळणाऱ्या द्वारकाबाईंची पाळी आली. त्या स्वयंपाकघरात पोह्यांसाठी कोथिंबीर चिरत होत्या.

"विचारलं तेवढंच सांगायचं," जयसिंगराव गरजले. "खोकी कुठे आहेत?"

"सूख्या कचऱ्यात दिली. मघाशी गाडी आली होती नं."

मागोमाग आलेली निधी खिडकीतून गाडी दिसते का ते बघू लागली.

"अहो, पण ऐका तर—" द्वारकाबाई सांगू लागल्या.

"विचारलं तेवढंच!"

"बरं, राहिलं," म्हणत द्वारकाबाई फणकाऱ्याने पोह्यांकडे वळल्या.

जयसिंगराव बाहेर धावले. चपलांचा रॅक गच्च भरला होता. स्वतःच्या चपला शोधण्यात दोन मिनिटं गेली. 'फुकटचं खायला किती लोक येतात!' असं ते पुटपुटले. त्यांना धरून हॉलमध्ये चारच माणसं आहेत, हे त्या तीक्ष्ण नजरेतून निसटलं.

तीन गल्ल्या पलीकडे त्यांनी स्कूटर आडवी घालून कचऱ्याची गाडी अडवली. सगळी खोकी उपसली. एकात बूट असेल तर शपथ!

"भिया, डब्बे तो खाली ही आए थे," ड्रायव्हर म्हणाला.

'हाही सामील आहे,' असं मनाशी पक्कं करून जयसिंगराव परतले. दारात मुलं जमली होती. झिजलेल्या चपला ठेवायला वाकलेली पलक रॅकपाशी थबकली होती.

"दीदी, इन जूतों में मेरे नाम की पर्ची है।"

निधी धावत आली. चारही फळ्यांवर ओळीने नवेकोरे बूट, प्रत्येकात चिठ्ठी!

"मग? नवे झाले म्हणून काय झालं, बूट ते बूटच नं!" मागून द्वारकाबाई म्हणाल्या. "गणपतीसमोर ठेवू देते होय मी? खोक्यातनं काढून इथे लावले. सांगतच होते, पण हे साहेब बोलू देतील तर!"

निधीने पलकला घट्ट मिठी मारली. जयसिंगरावांना मात्र धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. याच रॅकवर आपण दोन मिनिटं उचकापाचक केली, हे कुणाला सांगायची त्यांची हिंमत झाली नाही.

पलकला नाडी बांधता येईना. निदान एवढं तरी आपल्याला जमेल, म्हणून ते तिच्यासमोर खाली बसले.

"अंकल, आपको इतना पसीना क्यों आया?"

"तेरे जूते ढूँढ रहा था, बेटा."

"पर जूते तो जूतों की जगह पे ही थे."

"हाँ. बस वहीं नहीं देखा."

पलकला त्यांची खरोखरच दया आली. त्यांच्या खांद्यावर हात टेकून तिने दुसरा पाय पुढे केला.

"कोई बात नहीं, अंकल. अगली बार कुछ गुमे तो मेरे को बुला लेना."