युरुमांगीची भावकी

लग्नपत्रिका हातात आली की लोक तारीख बघतात. माझे भाडेकरू अभ्यंकर सर भिंग लावून भावकी बघतात. आमच्या भरे गावात पत्रिकेखाली निमंत्रक, कार्यवाहक, व्यवस्थापक अशी सगळ्या भावकीची नावं छापायची रीत आहे. सर एकेका नावावर बोट ठेवून विचारतात, "हे तुमचे कोण? पुरावा?"

त्यांच्या दारात मात्र पाहुणा म्हणून कधी कुणी आलेलं मी पाहिलं नाही.

जन्मभर ते युरुमांगी नावाच्या भाषेचे नातेवाईक शोधत आहेत. ही दक्षिण अमेरिकेतली, कोलंबियातल्या एका नदीकाठची भाषा. बोलणारं कुणी उरलं नाही. जुन्या काळी कुणीतरी टिपलेले थोडे शब्द, तेवढीच तिची इस्टेट. ती कुठल्या कुळातली, ते ठरत नाही. एका पंडिताने तिला लांबच्या एका कुळात बसवली, इतरांनी उठवली. पुन्हा कुणी तिला भलत्याच घरात घालील, ही सरांना कायमची धास्ती. फोन वाजला तरी दचकतात.

मी जमिनीचे व्यवहार करतो. डोक्यावर विटा वाहून वर आलोय, सौदा तुटू देत नाही. एकदा म्हणालो, "सर, चार शब्द जुळत्यात न्हवं? उरका की सोयरीक."

"अण्णा, शब्द योगायोगानेही जुळतात."

"मग ऱ्हाऊ द्या एकटी!"

त्यांचा चेहरा असा पडला, की मीच गुपचूप जिना उतरलो.

यंदा माझ्या पोरीचं लग्न ठरलं. माझा धाकटा भाऊ दत्तू याने त्याच्या पोराच्या पत्रिकेत माझं नाव गाळलं होतं. सख्ख्या भावाचं! तेव्हापासून मी त्याच्या दारावरून मान फिरवून जातो. आता माझी पाळी होती. मजकूर शुद्धलेखनासाठी सरांकडे दिला. संध्याकाळी तो छापखान्यात जायचा होता.

दुपारी सर अनवाणीच खाली आले. कागद माझ्यापुढे धरला.

"दत्तोबांचं नाव नाही."

"न्हाईच. मला भाऊ न्हाई."

"पुरावा?"

"सर, लई झालं. माडी खाली करायला लावीन!"

"लावा. पण अण्णा, युरुमांगीचा एक नातेवाईक सापडावा म्हणून माझा जन्म गेला. तुमचा पलीकडच्या आळीत राहतो. हाक मारलीत तर ओ देईल."

मी तोंडाला येईल ते बोललो. ते जागचे हलेनात. शेवटी पेन हिसकावून दत्तूचं नाव लिहिलं, आणि त्याच तिरमिरीत त्याच्याखाली आणखी एक.

पत्रिका छापून आली. सरांनी भिंग धरलं. बोट निमंत्रकांवरून खाली सरकलं, दत्तूच्या नावापुढे गेलं आणि थांबलं. आमच्या सगळ्या भावकीच्या यादीत अभ्यंकर आडनावाचं ते एकच नाव. आता पुरावा मागणार, म्हणून मला धाकधूक.

त्यांनी भिंग पुसलं. परत बघितलं. परत पुसलं.

"अण्णा, अजून एक पत्रिका मिळेल का?" ते म्हणाले. "कुणाला पाठवायची नाही. जवळ ठेवायचीय."