लिमयेकाकांचा टोमाहॉक

लिमयेकाका पक्के शाकाहारी. केकमध्ये अंडं आहे का, हे दोनदा विचारणारे. आणि हा माणूस महिनाभर दर शुक्रवारी हॅमिल्टनच्या एका स्टेकहाउसमध्ये टोमाहॉक मागवतोय. टोमाहॉक म्हणजे हातभर हाडासकट बीफचा सव्वा किलोचा तुकडा. तो खायचा मी. हॅमिल्टनच्याच रोटोटुना भागात आमची घरं शेजारी आणि मला काहीही चालतं, एवढीच माझी पात्रता.

तिथे टोमाहॉक वेटर आणत नाही. ज्यानं भाजला तोच कुक टेबलाशी येऊन कापून देतो. हा कुक म्हणजे काकांचा मुलगा निखिल. त्यानं इंजिनिअरची नोकरी सोडून स्वयंपाकघर धरलं, तेव्हापासून बापलेकांत अबोला. काका साताऱ्याहून लेकीकडे राहायला आले, तरी हा घरी फिरकला नाही.

काका गणिताचे रिटायर्ड मास्तर. निखिल कापायचा, काका वाकून बघायचे आणि मी काटा उचलायच्या आत म्हणायचे, "जमलेलं नाही. परत करून आणा." स्वतःच्या पोराला अहोजाहो. मला वाटायचं, म्हातारा भलताच खुनशी आहे, चारचौघांत पोराचा पाणउतारा करायला येतो.

परवा वेट्रेसनं मला दारातच गाठलं. आज तक्रार आली तर मॅनेजर निखिलला काढणार, म्हणाली. काकांना सांगितलं, तर ते नुसतं "हं" म्हणाले.

निखिल आला. मागे मॅनेजर, हाताची घडी घालून. पोरानं कापून सुरी बाजूला ठेवली. काका वाकले ते वाकलेच. मी टेबलाखाली त्यांचा पाय दाबला.

"ऑल गुड?" मॅनेजरनं विचारलं.

"व्हेरी गुड," काका म्हणाले. "नथिंग टू करेक्ट."

निखिलनं चमकून बघितलं आणि तो आत गेला. मॅनेजरही गेला. काका मात्र स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत बसले.

"मग इतके दिवस कशाला छळलंत त्याला?" मी चिडूनच विचारलं.

"चांगलं म्हटलं की एकदाच येतो रे तो. परत पाठवलं की दोनदा दिसतो."

मला माझीच लाज वाटली. मी वेट्रेसला बोलावलं आणि सांगितलं, कुकला पाठवा, ह्यांना त्याच्याशी बोलायचंय.

काकांनी माझं मनगट घट्ट धरलं. "अरे, पण मी बोलू काय?"