पगारे नानांचं मटकी इन्स्पेक्शन

आमचे घरमालक पगारे नाना मटकीला भिंगातून बघतात. मी रंगवून सांगत नाही. सकाळी जिन्याखाली खुर्ची टाकून बसतात, ओल्या फडक्यातली मोड आलेली मटकी तळहातावर घेतात, एक डोळा मिटतात आणि दुसऱ्या डोळ्याला भिंग लावतात. मग निकाल लागतो. "मोड बारीक. रिवर्क!" की फडकं परत बांधून खुंटीला. मोड मनासारखे असले तर "पास!" अशी आरोळी येते आणि समोरच्या गल्लीतलं कुत्रं उठून बसतं.

नाना अंबड एमआयडीसीतल्या एका कंपनीत माल तपासायला, इन्स्पेक्शनला होते. कंपनीनं त्यांना रिटायर केलं, पण त्यांनी इन्स्पेक्शनला रिटायर केलं नाही. भाजीवालीची गवार ते वाकवून बघतात. दुधावर साय दिसली की, लोखंडाच्या कडेची कपची तासावी तसं, "वरचा बर काढा" म्हणून चमच्यानं काढून टाकतात. मिसळीवर तर त्यांचा जुना राग आहे. नाशिकमध्ये राहून मिसळीला नावं ठेवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. "तर्री म्हणजे नुसता पेंट रे. मटकी हा खरा माल. लोकं पेंट चाटतात अन् माल ताटात सोडतात!"

वरच्या खोलीत मी आणि माझा रूममेट राहतो. आमची नावं नानांना पाठ आहेत, पण हाक गावाच्या नावानं. तो सुरगाणा, मी पुसद. "ए पुसद, खाली ये!" असं ऐकलं की मी आधी या महिन्याचं भाडं दिलं का ते आठवायचो. काही चुकलं असेल, खोली सोड म्हणतील, असं वाटायचं. माझा स्वभावच तसा आहे. आठवी अर्धी टाकून कामाला लागलो, तेव्हापासून कुणी हाक मारली की काढून टाकायलाच मारली असं वाटतं.

एकदा तर खरंच वेळ आली होती. उन्हाळ्यात मशीनजवळ मला चक्कर आली. सुपरवायझर म्हणाला, "पुढच्या महिन्यात मेडिकल आहे. अंगात दम दिसला नाही तर गावाकडं जायचं." गावाकडं माझी धाकटी बहीण माझ्या पगारावर नर्सिंग शिकते. मी गेलो तर तिचं शिक्षणही माझ्यासारखंच अर्धं राहणार. कंपनीतले सगळे म्हणाले, अंडी खा. पण आमचं घर महानुभाव. आमच्याकडे अंड्याचं नाव काढलं तरी आई तोंड धुवून ये म्हणते.

हे सगळं मी रडवेल्या तोंडानं नानांना सांगितलं. नानांनी मला भिंगातून बघितलं. खरंच बघितलं.

"खातो काय तू?"

"चहा-बिस्कीट. रात्री भात."

"हा तर पॅकिंगचा पुठ्ठा झाला. आत माल कुठंय?" नाना उभे राहिले. "हे बघ पुसद, तुझा पंथ तुझ्यापाशी, प्रोटीन माझ्यापाशी. दोघांची टक्कर होणार नाय."

त्या दिवसापासून माझ्यावर काम सुरू झालं. सकाळी मोडाच्या मटकीची उसळ, वरून लिंबू. डब्यात सोयाबीनच्या वड्या, पण त्या भिजवून, दोन्ही हातांनी धुणं पिळावं तशा पिळून. कधी हरसूलच्या बाजारातून आणलेले हुलगे. रात्री साय काढलेल्या दुधाचं दही, फडक्यात टांगून घट्ट केलेलं. शेंगदाणे मात्र मोजकेच. "यात तेल लय. माणूस फुगतो, ताकद येत नाय." बाजारात प्रोटीनच्या पावडरीचा डबा दिसला की नाना त्याच्याकडे सवत बघावी तसं बघायचे.

यातली सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे खाणं नव्हे, खाताना नाना समोर बसणं. ते स्वतः एक घास घेत नसत. नुसते माझ्या तोंडाकडे बघत.

"कशी लागते?"

"मस्त आहे नाना."

"मस्त हा काय रिपोर्ट झाला? दाताखाली कशी तुटते? मागून काय लागतं का? घशापाशी?"

"नाही नाना. काहीच नाही. एकदम मस्त."

यावर खूश व्हायचं सोडून नाना पडेल चेहऱ्यानं ताट उचलायचे. दुसऱ्या दिवशी उसळीत जिरे जास्त, तिसऱ्या दिवशी ओवा. सुरगाणा म्हणायचा, "म्हातारा कंजूस हाय. आपल्याला खायला घालून खर्च मोजीत बसतो." मला ते पटत नव्हतं, पण नाना जेवतात कधी हेही कळत नव्हतं.

मेडिकल झालं. डॉक्टरांनी वजन केलं, रक्त बघितलं, फिट लिहिलं. मी बहिणीला फोन केला आणि तिथंच कंपनीच्या गेटवर रडलो. मग ठरवलं, आज नानांना आपण जेवू घालायचं. त्यांच्याच पद्धतीची उसळ, फक्त फोडणीत मेथीदाणे, आमची आई घालते तसे. पण आईचा फोन आला आणि "बाबू, फिट म्हणजे नक्की काय लिहिलं?" हे तिला समजावता समजावता मेथी करपली. खोलीभर धूर. मी घाबरून मटकी पातेल्यात लोटली, पण व्हायचं ते झालं होतं.

जिन्यावर पावलं वाजली. नाना दारात उभे.

"काय जाळलंस?"

"मेथी, नाना. चुकलं. दुसरी करतो."

नाना पातेल्यापाशी बसले. "चाखून सांग. नीट सांग."

"कडवट आहे. घशापाशी लागते, मागून."

"थांब." त्यांनी बोट बुडवून एक थेंब जिभेला लावला आणि डोळे मिटले. मग म्हणाले, "आमची बायको, शांता, अशीच करायची. शेजारणीशी बोलता बोलता दरवेळी काहीतरी करपवायची. मी दरवेळी म्हणायचो, रिजेक्ट. काय करपवते ते कधी विचारलं नाय."

मी ताट पुढे केलं. "मग जेवा ना, नाना."

"ती गेल्यावर तीच चव आणायला उसळ करायला शिकलो. अन् तेवढ्यात डॉक्टरांनी कडधान्यच बंद केलं. मूत्रपिंड. फिल्टर चोक झालाय रे माझा. भात अन् दुधी, बास." ते हसले. "मला खाता येत नाय, अन् तिच्या हातचं तुम्ही कुणी खाल्लेलं नाय. मग टेस्टिंग करायची कशी?"

सुरगाणा दारात उभा राहून सगळं ऐकत होता. तो गुपचूप ताट घेऊन बसला. मीही बसलो. मी प्रत्येक घास नानांना सांगितला: कुठे कडू, कुठे आंबट, कुठला दाणा जरा कच्चा. मला मस्तशिवाय इतकं बोलता येतं हे मलाच ठाऊक नव्हतं.

शेवटचा घास संपला तसं मी विचारलं, "नाना, निकाल?"

"पास," नाना म्हणाले. या वेळी इतकं हळू, की गल्लीतलं कुत्रंसुद्धा उठलं नाही.

आता दर रविवारी खालून हाक येते, "ए पुसद, मेथी जाळायला ये!" नानांच्या हातून ती करपत नाही. तांबूस झाली की हात आपोआप गॅस बंद करतो. ती चूक मलाच करावी लागते, आणि हाक आली की आता मी भाडं दिलं का ते आठवत बसत नाही.