एकवीस विजयांची तपासणी

कंपन्यांच्या बॉक्सिंग स्पर्धेत मी तिसऱ्यांदा चॅम्पियन झालो, तेव्हा गेटवर मला हार घातले, पेढे वाटले, युनियनच्या सेक्रेटरीनं भाषण ठोकलं आणि वर्क्स मॅनेजरांनी माझा हात हातात घेऊन फोटो काढून घेतला. गर्दी पांगल्यावर इन्स्पेक्शन खात्याचे ओव्हाळसाहेब सायकल धरून माझ्याजवळ आले. मला वाटलं, अभिनंदन करणार. त्यांनी चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला आणि विचारलं, "समोर कोण होता?"

हा प्रश्न ते सगळ्यांनाच विचारत. कुणाचा मुलगा पहिला आला की यांचं ठरलेलं, "वर्गात मुलं किती?" सेक्रेटरी बिनविरोध निवडून आले तेव्हा म्हणाले, "म्हणजे हरवलं कुणाला?" आमच्या फोरमननी एकदा बायकोच्या हातच्या मटणाची तारीफ केली, तर यांनी अगदी गंभीरपणे विचारलं, "दुसऱ्या कुणाच्या हातचं खाल्लंय का?" फोरमन तीन दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. ओव्हाळसाहेबांच्या ते लक्षातही आलं नाही.

सत्तरच्या दशकात पिंपरीत आमच्या कंपनीत पंपांचे भाग बनायचे. बाकीचे इन्स्पेक्टर शंभरातले दहा नग तपासून सही करत. ओव्हाळसाहेब शंभरच्या शंभर तपासत. घाईच्या वेळी कुणी टोकलंच, तर म्हणायचे, "उरलेल्या नव्वदांनी काय घोडं मारलंय?" प्रत्येक नगाला ते चिठ्ठी बांधत. हिरवी म्हणजे पास, लाल म्हणजे नापास आणि पिवळी म्हणजे निर्णय राखून ठेवला.

तर या माणसानं माझं रेकॉर्ड तपासायला घेतलं. त्यासाठी तपकिरी कव्हर घातलेलं एक जाडजूड रजिस्टर होतं. एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी ते उघडून पाहिलं. आत मी हरवलेल्या एकवीस जणांची नावं होती, आणि पुढं शेरे.

"क्रमांक तीन. लग्न होऊन चार दिवस. हाताची हळद उतरलेली नाही. लक्ष सामन्यात नाही. नापास."

"क्रमांक सात. वजन कमी भरत होतं म्हणून काट्यावर चढवण्याआधी चार तांबे पाणी पाजलं. पोटात पाणी हलत असताना लढला. नापास."

"क्रमांक अकरा. मूळचा कँटीनमधला आचारी. कंपनीची एंट्री भरायची म्हणून नाव दिलं. ग्लोव्हज पहिल्यांदाच घातले. घंटा झाल्यावर नमस्कार केला, तेवढ्यात ठोसा बसला. नापास."

त्या नमस्काराची मला आजही थोडी लाज वाटते. पण ठोसा छान बसला होता.

चार जण सामन्याला आलेच नव्हते. त्यांच्यापुढं लिहिलं होतं, "विजयाचं श्रेय चुकलेल्या बसला." शेवटी बेरीज होती. एकूण एकवीस, पास साडेपाच. आणि माझ्या नावाला टाचणीनं पिवळी चिठ्ठी लावलेली.

"साहेब, हा अर्धा कोण?" मी विचारलं.

"चौदा नंबर. पहिली फेरी चांगला लढला. मग दाढ दुखायला लागली."

"पण समोर येईल त्यालाच मारणार ना मी? का घरून माणूस घेऊन येऊ?"

"तुमचा दोष नाही, चॅम्पियन," ते शांतपणे म्हणाले. "तुम्ही चांगले आहात की ते वाईट होते, एवढंच यावरून कळत नाही."

दुसऱ्या दिवसापासून कारखान्यातलं आमचं सगळं शॉप मला 'साडेपाच' म्हणू लागलं. "काय राव साडेपाच, चहा घेणार का?" मी वरवर हसायचो, पण ते मला फार लागलं. हार घालणारे पुष्कळ होते. मला मात्र त्या रजिस्टरातली हिरवी चिठ्ठी हवी होती, आणि ती मिळाल्याशिवाय मी स्वतःला चॅम्पियन म्हणवून घेणार नव्हतो.

आठवडाभरानं मी त्यांच्या टेबलापाशी गेलो. "सांगा, कुणाला हरवू म्हणजे तुम्ही पास कराल?"

त्यांनी दुसरं पान उघडलं. "खडकीचा एक फौजी आहे. सत्तावीस जणांना हरवलंय. त्यातले पंचवीस पास आहेत."

हा फौजी मला ठाऊक होता. चार वर्षं मी त्याला टाळत आलो होतो. कधी खांदा दुखायचा, कधी गावची जत्रा यायची. ओव्हाळसाहेबांनी तेही लिहून ठेवलं होतं, जत्रेच्या तिथीसकट.

खुल्या स्पर्धेत मी नाव दिलं. दोन महिने पहाटे उठून पवनेच्या काठानं पळलो, तेलकट सोडलं, आईच्या शिव्या खाल्ल्या. सामन्याच्या दिवशी निम्मं शॉप खडकीला आलं होतं. पहिल्या फेरीत मी त्याला दोन सणसणीत ठोसे मारले. दुसऱ्या फेरीत त्यानं ते दामदुपटीनं परत केले. तिसऱ्या फेरीचं मला नंतर लोकांकडून कळलं.

पाच दिवस मी पिंपळे गुरवला घरात पडून होतो. जबडा सुजलेला, एक दाढ गेलेली. हार घालणाऱ्यांपैकी एकही फिरकला नाही. सेक्रेटरीनं 'काळजी घ्या' असा निरोप पाठवला, तोही चुकून शेजारच्या घरी गेला. मग गुरुवार आला. आमच्या औद्योगिक पट्ट्यात कंपन्यांना सुट्टी गुरुवारची. दारात सायकल लावल्याचा आवाज झाला आणि मी ओळखलं, लाल चिठ्ठी आली.

ओव्हाळसाहेब ओट्याच्या कडेला टेकले. गावातल्या जुन्या घरांत आत जायची त्यांना सवय नव्हती, आणि का नव्हती हे आमच्या आईलाही ठाऊक होतं. ती दारात येऊन म्हणाली, "भाईर माश्या हाईत सायेब. आत बसा."

ते आत आले, माझ्या अंथरुणाशेजारी बसले आणि त्यांनी रजिस्टर उघडलं.

"आदल्या दिवशी शिफ्ट कुठली होती?"

"रजा घेतली होती."

"पोटात काय होतं?"

"दूध आणि दोन अंडी."

"दाढ?"

"तेव्हा जागेवर होती." मग मात्र माझं डोकं फिरलं. "साहेब, हरलो ना मी! आता काय तपासताय? लाल चिठ्ठी लावा आणि जा."

"हे तुमचं पान नाही," ते म्हणाले. "खडकीवाल्याचं आहे."

त्यांनी रजिस्टर माझ्याकडे फिरवलं. अठ्ठाविसाव्या ओळीत माझं नाव होतं, वडिलांच्या नावासकट, गावासकट. पुढं लिहिलं होतं, "पूर्ण तयारीनिशी आला. घाबरला होता, तरी मागे हटला नाही." आणि शेवटी हिरव्या शाईत, "पास."

"त्याचा हा विजय खरा धरायचा," ते म्हणाले. "तुमच्यामुळे."

तीनदा गळ्यात हार पडले तेव्हा जे वाटलं नव्हतं, ते मला तेव्हा वाटलं. डोळ्यांत पाणी आलं. जबडा ठणकतोय, असं मी आईला सांगितलं.

मग विचारलं, "हळदीचं, पाण्याचं हे सगळं तुम्हाला कळलं कुठून? प्रत्येकाच्या घरी गेला होता की काय?"

"हो, एकवीसही जणांच्या. हरला म्हणून सगळे सांगतात हो. का हरला, ते कुणी त्याला जाऊन विचारत नाही." मग ते म्हणाले, "तो आचारी फार चांगला माणूस आहे. दर महिन्याचा पहिला गुरुवार माझा त्याच्याकडे, चऱ्होलीला असतो. दुसरा दाढवाल्याकडे. हळदवाल्याला आता दोन मुली आहेत, तिसरा त्यांच्यासाठी."

आई चुलीपुढून म्हणाली, "आता जेवूनच जावा. का घरी मालकीण वाट बघत्यात?"

"नाही," ते म्हणाले. "तिला जाऊन नऊ वर्षं झाली. संत तुकाराम नगरात खोली आहे, एकटाच असतो."

माझ्या दाढेची चौकशी केली होती त्याच आवाजात त्यांनी हे सांगितलं. नऊ वर्षं हा माणूस आम्हाला नाही नाही ते प्रश्न विचारत होता, आम्ही त्याच्यावर हसत होतो, आणि त्याला घरी कोण असतं एवढं आमच्यातल्या एकानंही विचारलं नव्हतं. मला माझीच शरम वाटली.

ते पोटभर जेवले. दोन भाकरी खाल्ल्या, कालवणाला चांगलं म्हणाले, आणि कुणाच्या कालवणापेक्षा ते विचारलं नाही. हात धुऊन आले आणि त्यांनी रजिस्टरचं शेवटचं पान काढलं. त्यावर महिन्याचे गुरुवार मांडलेले होते.

"चौथा गुरुवार मोकळा आहे," ते म्हणाले. "तपासायला नाही. असंच. तुम्हाला चालत असेल तर."

मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "लिवा."

त्यांनी पेनाचं टोपण काढलं, पण त्यांना लगेच काही लिहिता आलं नाही.