लॅमिनेट केलेलं लग्न

कादंबरीने चीनला जाण्याची आखणी एखाद्या प्रयोगासारखी केली होती. प्रत्येक पायरी ठरलेली आणि पायरीपुढे तारीख. तिचा नवरा वेनबो चिनी नागरिक. त्याला चेंगडूच्या विद्यापीठात नोकरी लागली होती आणि वीस ऑगस्टला दोघं अमेरिकेतलं मॉरिसव्हिल सोडणार होती. चेंगडूतल्याच एका प्रयोगशाळेने तिलाही घ्यायचं कबूल केलं होतं, पण जागा राखून ठेवणार होते फक्त पंधरा ऑक्टोबरपर्यंत.

नियम तिला पाठ होते. चिनी माणसाशी लग्न केलं म्हणजे तिथे कुटुंबातली म्हणून राहता येतं, नोकरी मात्र करता येत नाही. नोकरीचा परवाना वेगळा. म्हणजे आधी लग्नाच्या दाखल्यावर व्हिसा, मग तिथे पोचून राहण्याचा परवाना, मग कामाचा. तिच्या हिशेबाने हे सगळं होऊन चार दिवस उरत होते. चारच कसे पुरतील, असं वेनबोने एकदा विचारून पाहिलं. तेव्हा तिने त्याला तक्ता दाखवला होता.

परदेशात चालावा म्हणून लागणारा सरकारी सोनेरी शिक्का लागून लग्नाचा दाखला घरी आला, तेव्हा ती लॅबमध्ये होती. घरी होते तिचे बाबा, जगन्नाथराव; महावितरणमधून निवृत्त झालेले आणि लग्नासाठी नागपूरहून आलेले. लेकीच्या बालवाडीपासूनचा एकही कागद त्यांनी कधी उघडा ठेवला नव्हता. त्यांनी दाखल्याच्या कोपऱ्याला हळदकुंकू लावलं, तो देवापुढे ठेवला, आणि मग टळटळीत उन्हात, फुटपाथ नसलेल्या रस्त्याच्या कडेकडेने मैलभर चालत जाऊन लॅमिनेट करून आणला.

"आता पाण्यात पडला तरी काही होत नाही," त्यांनी संध्याकाळी तो लेकीच्या हातात ठेवला.

कादंबरीने तो उलटसुलट करून पाहिला. "बाबा, लॅमिनेट केलेला कागद ते घेत नाहीत."

"कोण म्हणतं? तुझी दहावीची मार्कशीट अमेरिकेने घेतली की नाही?"

सरळ नवी प्रत काढू, असं वेनबोने सुचवलं. नव्या प्रतीवर शिक्का मिळायला तीन आठवडे लागणार होते, आणि कादंबरी केमिस्ट्रीची पीएचडी होती. प्लॅस्टिकचा गोंद उष्णतेने सुटतो. तिने हेअर ड्रायर आणला.

अर्धं प्लॅस्टिक खरोखरच अलगद निघालं. उरला हळदीचा डाग. त्यावर तिने अल्कोहोलचा बोळा फिरवला. हळद अल्कोहोलमध्ये छान विरघळते. ती विरघळली आणि कागदभर पसरली. मग तिने ओल्या साबणाने जरासं टिपलं. साबण लागला की हळद लाल होते, हे तिने स्वतः विद्यार्थ्यांना शिकवलं होतं. ते आठवेपर्यंत वधूवरांची नावं लाल झाली होती.

"आता कुंकवासारखं दिसतंय," बाबा हळूच म्हणाले. "शुभच आहे."

उरलेलं प्लॅस्टिक तिने रागाने ओढलं. त्याच्याबरोबर सोनेरी शिक्काही आला.

नवी प्रत दुसऱ्याच दिवशी मिळाली, पण शिक्क्याच्या रांगेत तिचा तक्ता मोडला. वीस तारखेला वेनबो एकटा गेला. एअरपोर्टवर बाबांनी त्याची जड बॅग स्वतः ओढली, आणि घरी आल्यावर दोन दिवस दुसऱ्यांदा भात मागितला नाही. कादंबरीने प्रयोगशाळेला सहा ओळींची ईमेल लिहायला पाऊण तास घेतला: वेळेत पोचणं शक्य दिसत नाही, जागा दुसऱ्या कोणाला दिलीत तरी चालेल.

सकाळी उत्तर आलेलं होतं, तिथल्या नोकरभरती बघणाऱ्या बाईंचं. तुम्ही अजून अमेरिकेतच आहात ना, असं त्यांनी सुटका झाल्यासारखं विचारलं होतं. मग तिथेच थांबा. आम्ही इथून थेट कामाचा परवाना काढतो आणि तुम्ही त्यावर कामाचाच व्हिसा घ्या. बायको म्हणून आला असता तर एकेक परवाना बदलत बसावं लागलं असतं. मागच्या वर्षी एकजण असेच बायकोपाठोपाठ आले आणि आठ महिने घरी बसले. मागितली होती ती तिची पदवी आणि पोलिसांचा दाखला. लग्नाचा कागद यादीत नव्हताच.

परवाना सप्टेंबरअखेर आला. कादंबरी हिशेबाला प्रामाणिक होती, म्हणूनच हे बाबांना सांगणं भाग होतं.

"बाबा, तो दाखला नीट राहिला असता, तर बहुतेक माझी नोकरी गेली असती."

बाबांनी चहाचा कप खाली ठेवला. "मग? उगीच चालत गेलो होतो का मी उन्हात?"

संध्याकाळी त्यांनी नागपूरला धाकट्या भावाला फोन लावला. पोरीची पद्धत कशी चुकत होती, आपण ती वेळेवर कशी थांबवली, हे त्यांनी सविस्तर सांगितलं. कादंबरीने स्वयंपाकघरात नळ बंद करून ऐकलं. चूक काढायला ती तयारच होती, पण तारखा बरोबर होत्या, क्रम बरोबर होता, निष्कर्षही बरोबर होता.

फोन ठेवून बाबा आत आले. मान ताठ होती.

"काकाची रीमा जपानला जातेय नवऱ्यासोबत," ते म्हणाले. "म्हटलं, काही करू नका. कागद आधी माझ्याकडे पाठवा."