शटरवरचे मास्तर

मंगळवारी सकाळी शिंपी मास्तर दुकानापाशी पोहोचले, तेव्हा दुकान आधीच उघडं होतं. आत मशीनवर मास्तर स्वतःच बसले होते आणि हसत होते.

हसण्यावरूनच त्यांना संशय आला. बावीस वर्षांत मशीनवर बसून ते एकदाही हसले नव्हते. हात लावून पाहिलं, तर उघडं दुकान गार आणि पत्र्याचं लागलं. सोमवारच्या सुट्टीत कुणीतरी त्यांच्या बंद शटरवर उघडं दुकान रंगवून गेलं होतं.

"हात नका लावू! जखम ओली आहे!" मागून एक बाई धावत आल्या. कपाळाला निळा रंग, गळ्यात ओळखपत्र.

"कुणाची जखम?"

"वस्तीची."

वस्तीतली गिरणी बंद पडली होती आणि तिच्यामागोमाग निम्मी दुकानंही. बाईंची संस्था अशा मेलेल्या दुकानांच्या शटरवर चित्रं काढून वस्तीला बरं करणार होती. संस्थेची माणसं पाहणीला आली सोमवारी, रंगवायला आली तीही सोमवारीच. मास्तर दोन्ही वेळा मेलेल्यांत धरले गेले.

"पण माझं दुकान चालू आहे हो!"

"तेच तर चित्रात दाखवलंय."

"बाई, आत चाळीस गणवेश शिवून पडलेत. शुक्रवारी दुपारी बारापर्यंत शाळेत पोहोचले नाहीत, तर पुढच्या वर्षीपासून तयार माल घेणार, असं मुख्याध्यापिकांनी तोंडावर सांगितलंय. ते काम गेलं की मी फक्त चित्रातच उरेन."

"शटर गुंडाळलं तर रंग खरवडेल. शुक्रवारी दहाला उद्घाटन आहे. तोवर धीर धरा. कलेला वेळ लागतो."

"कपड्यांनाही लागतो. पण आम्ही लोकांच्या अंगावर शिवत नाही."

*

संस्थेच्या पाहणी अहवालातून, पान चार:

प्रश्न: आपल्या वस्तीला कशाची गरज आहे?
उत्तर (सर्व रहिवासी): गटाराला झाकण हवं.
निष्कर्ष: वस्तीच्या उघड्या जखमा कुणीतरी झाकाव्यात, अशी रहिवाशांची आर्त इच्छा आहे.

*

मास्तर थेट प्रभाग कार्यालयात गेले आणि शटर उघडू द्यावं म्हणून अर्ज दिला. इथेच त्यांचं चुकलं. तोपर्यंत चित्राबद्दल कार्यालयाला काही ठाऊकच नव्हतं. अर्जामुळे फाइल उघडली. फाइल उघडल्यावर साहेबांना कळलं की निमंत्रणपत्रिकेत उद्घाटक म्हणून आपलंच नाव छापलंय. मग त्यांनी तातडीने हुकूम काढला.

हुकूम असा: सदर शटर ही संरक्षित कलाकृती असून ते उघडणारा इसम कारवाईस पात्र राहील.

हुकूम कलाकृतीवरच चिकटवायचा होता. मोकळी जागा कुठेच नव्हती, म्हणून शिपायाने तो चित्रातल्या मास्तरांच्या तोंडावर चिकटवला.

"आता तुम्ही अगदी हुबेहूब दिसता," बायको म्हणाली.

"तुला थट्टा सुचतेय!"

"मग काय करू? चित्रातले बरे, निदान मशीनवर तरी बसलेत. तुम्ही दोन दिवस झाले, ओट्यावर बसून मला भाजी कशी चिरायची ते सांगताय."

*

शुक्रवार. सकाळचे दहा. फीत, माइक, खुर्च्या. साहेब आले साडेदहाला. मास्तर आणि बायको गर्दीच्या कडेला उभे होते. बायको दर दोन मिनिटांनी घड्याळ बघत होती.

बाई तळमळून बोलल्या. साहेब त्याहून जास्त वेळ बोलले. शेवटी त्यांनी कात्री उचलली.

"साहेब, जरा वाका," फोटोग्राफर म्हणाला, "मागचे मास्तर झाकले जाताहेत."

साहेब वाकले.

"अजून थोडं."

साहेब अजून थोडे वाकले. टर्र! फीत अजून शाबूत होती.

साहेब हळूच सरळ झाले आणि उलट्या पावलांनी जाऊन शटरला पाठ लावून उभे राहिले.

"शिंपी कुठाय? ए मास्तर! सुईदोरा आण!"

"आत आहे साहेब."

"मग जा ना आत!"

"कसा जाऊ? कारवाई होईल. तुमच्या डोक्यामागेच लिहिलंय."

"अरे, मी सांगतोय ना, उघड म्हणून!"

"लेखी द्या."

"साहेब, नको!" बाई कळवळल्या. "वस्तीची जखम—"

"आधी माझं झाका!"

निमंत्रणपत्रिकेच्या पाठीवर, मास्तरांच्याच पाठीचा आधार घेऊन साहेबांनी लिहिलं. इतक्या घाईतही हाताची सवय सुटली नाही. त्यांनी अट घातलीच: सदर शटर अधोस्वाक्षरीकार यांची पँट शिवून मिळेपर्यंत उघडण्यास परवानगी देण्यात येत आहे. खाली तारीख आणि झोकदार सही.

शटर करकरत वर गेलं. चित्रातले मास्तर तोंडावरच्या हुकमासकट गुंडाळले गेले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी क्षणभर डोळे मिटले, मग माइक हिसकावला.

"बंद मनाचं हे उघडणं, हीच आमची कलाकृती होती!"

पुन्हा टाळ्या.

साहेब गणवेशाच्या उरलेल्या चौकड्यांच्या कापडात स्वतःला गुंडाळून बाकावर बसले. बायकोने त्यांच्याकडे न बघता दोन गठ्ठे उचलले, एक काखेत, एक डोक्यावर, आणि शाळेच्या दिशेने सुटली. बाराला दहा कमी असताना गणवेश मुख्याध्यापिकांच्या टेबलावर होते.

मास्तरांनी मात्र घाई केली नाही. पँट उजेडात धरली, उलटी केली, चुकचुकले.

"काय झालं?" साहेबांनी विचारलं.

"नुसती उसवली असती तर पाच मिनिटांचं काम. कापडच विरलंय. आतून पट्टी लावावी लागेल."

"मग लाव की!"

"लावतो ना. उद्या या."

"उद्या?"

"नक्की उद्या."

साहेब चौकड्यांतच गाडीत बसले.

या गोष्टीला आता आठ महिने झाले. बाईंना पारितोषिक मिळालं. गटार तसंच उघडं आहे. दुकानही सोमवार सोडला तर रोज नऊला उघडतं, आणि परवान्याची ती निमंत्रणपत्रिका चौकटीत बसवून आरशाशेजारी लावलेली आहे. साहेबांचा शिपाई दर शनिवारी पँट न्यायला येतो.

पँट त्याच शुक्रवारी दुपारी शिवून झाली होती. शिपाई कोपऱ्यावर दिसला की मास्तर तिचं एक बटण उसवतात.